ऑनलाइन दुकानातील नोंदींचे निर्लेखन

अलिबागच्या उत्तरेस, खांदेरी व उंदेरी या दोन जलदुर्गांसमोर वसलेले थळ हे रायगडच्या किनारपट्टीवरील एक जुने गाव होय. किनाऱ्याला लागून कोळीवाडा, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे भाताची खाचरे आणि १९८५ मध्ये उत्पादन सुरू झालेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना, असे या परिसराचे आजचे रूप आहे. येथील व्यापार मात्र अजूनही पंचांगाप्रमाणे चालतो. १ जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी सुरू होते. तत्पूर्वी अगोटीच्या खरेदीत बोंबील, सुकट, जवळा, सोडे यांना मोठी मागणी असते. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर होणारा अलिबागचा पांढरा कांदा कार्ले, खंडाळे, नेहुली, वाघोडे या गावांतून माळा बांधून उन्हाळ्यात बाजारात येतो आणि पावसाबरोबर संपतो. वाल, आमसुले, तांदळाचे पापड यांचेही हंगाम ठरलेले आहेत.

हाच माल आता ऑनलाइन दुकानांतूनही विकला जाऊ लागला आहे. ‘उमेद’ अभियानातील महिला बचत गटांसाठी उमेद मार्ट हे दालन आहे. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१६ मध्ये महिला ई-हाट सुरू केले. काही गट व लहान उत्पादक स्वतःचे स्वतंत्र दुकानही उघडतात. दुकान कसे उघडावे, छायाचित्र कसे घ्यावे, किंमत कशी लिहावी याचे शिक्षण सर्वत्र दिले जाते. संपलेला किंवा बंद केलेला माल यादीतून कसा वगळावा, याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. हे काम आता स्वयंचलित आज्ञावलीकडे सोपविले जात असल्याने त्यातील धोके समजून घेणे अगत्याचे झाले आहे.

फळीवरचा माल आणि यादीतील नोंद

बाजारपेठेतील दुकानदाराने सोड्यांचा डबा फळीवरून उचलला, तर त्याच्या वहीतील गेल्या वर्षीच्या विक्रीला काही होत नाही. ऑनलाइन दुकानात फळी आणि वही एकमेकींस जोडलेल्या असतात. मालाची प्रत्येक नोंद म्हणजे संगणकातील एक क्रमांक. त्या क्रमांकाला वर्णन, किंमत, शिल्लक साठा, वर्गवारी, पाव किलो-अर्धा किलो असे पोटप्रकार, ग्राहकांचे अभिप्राय आणि पूर्वीच्या मागण्या बांधलेल्या असतात. मूळ नोंद कायमची पुसली की तिचे पोटप्रकारही जातात. जुन्या मागणीवर मालाचे नाव व त्यावेळची किंमत उरते. पण ही मागणी नेमकी कोणत्या नोंदीची, हा दुवा तुटतो आणि वर्गवारीनिहाय विक्रीचे तक्ते अपुरे निघू लागतात.

शासकीय कामकाजाची सवय असलेल्यांना ही गोष्ट नवी वाटू नये. सातबाराच्या उताऱ्यावर हक्क संपलेल्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. ते पूर्वी कंसात घेत, आता त्यावर आडवी रेघ मारतात, आणि फेरफाराचा क्रमांक नोंदवितात. कार्यालयातील मोडकी खुर्ची जडवस्तू संग्रह नोंदवहीतून कमी करावयाची झाली, तर सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाने तिचे निर्लेखन होते. खुर्ची जाते, पण ती होती आणि अमुक आदेशाने गेली, ही नोंद राहते. ऑनलाइन दुकानाला हवी आहे ती हीच रीत, आणि ती आपल्या दप्तरात पूर्वापार आहे.

लेखे जपण्याचे बंधन तर कायद्यानेच घातलेले आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र सादर करण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने आपले लेखे जपून ठेवावयाचे असतात. बहुतेक लहान गट या नोंदणीच्या मर्यादेखाली येतात हे खरे. तथापि कर्ज देणारी बँक आणि लेखापरीक्षक यांना जुन्या विक्रीचा हिशेब दाखवावा लागतोच.

खाद्यपदार्थांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो. एखाद्या हप्त्यातील सुकट खराब निघाल्याचे लक्षात आले, तर घाबरून प्रथम ती नोंद पुसून टाकण्याकडे कल होतो. विक्री त्याच क्षणी थांबलीच पाहिजे, यात दुमत नाही. परंतु तो माल कोणाकोणाकडे गेला हे शोधण्याचा मार्ग त्या नोंदीतूनच जातो. सदोष अन्नपदार्थ बाजारातून परत मागविण्याविषयी २०१७ मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले आहेत. परत मागवावयाचे तर घेणारा कोण, हे आधी माहीत असावे लागते. अशा वेळी नोंद ग्राहकांना दिसेनाशी करावी, साठा शून्य करावा, आणि बाकी सर्व जागच्या जागी ठेवावे.

पुसण्याच्या तीन पायऱ्या

निरनिराळ्या दुकानप्रणालींत शब्द निराळे असले, तरी पायऱ्या साधारणतः तीनच आहेत. पहिली पायरी नोंद झाकण्याची. वूकॉमर्स या प्रणालीत नोंद ‘मसुदा’ करता येते, शॉपिफायमध्ये ‘मसुदा’ किंवा ‘संग्रहित’ करता येते. ग्राहकाला ती दिसत नाही, चालकाला दिसते. दुसरी पायरी कचरापेटीची. वूकॉमर्स ज्या वर्डप्रेसवर चालते तेथे कचरापेटीत टाकलेली नोंद परत घेता येते. मात्र मूळ मांडणीप्रमाणे ३० दिवसांनी पेटी आपोआप रिकामी होते. मे महिन्याच्या अखेरीस टाकलेली नोंद जुलैत शोधू गेल्यास ती सापडणार नाही. तिसरी पायरी कायमच्या नाशाची. शॉपिफायमध्ये मधली पेटी नाहीच. तेथे नोंद नष्ट केली की ती परत आणता येत नाही.

हंगामी मालाला पहिल्या पायरीपुढे नेण्याचे कारणच नाही. पांढऱ्या कांद्याची माळ दरवर्षी येणार आहे. तिची नोंद दर पावसाळ्यात पुसून दर उन्हाळ्यात नव्याने केली, तर ग्राहकांचे अभिप्राय दरवर्षी शून्यापासून सुरू होतील, आणि मुंबई-पुण्याच्या ज्या ग्राहकाने गेल्या वर्षीचा दुवा जपून ठेवला असेल त्याला ‘४०४’ हा सापडत नसल्याचा निरोप मिळेल. जो माल पुन्हा कधीच करावयाचा नाही, दोनदा चढलेली नोंद, किंवा शिकताना चढविलेली ‘चाचणी १’, ‘चाचणी २’ अशी नावे, एवढ्यांसाठीच पुढच्या पायऱ्या आहेत.

‘काढा’ या शब्दाचा घोटाळा

आजवर हे काम माणूस एकेक नोंद उघडून करीत असे. चूक झाली तरी ती एका नोंदीची होई. आता आज्ञावली दुकानप्रणालीशी थेट बोलते आणि एका हाकेत अनेक नोंदी हाताळते. वूकॉमर्सच्या घाऊक व्यवहारात मूळ मर्यादा एका वेळी १०० नोंदींची आहे. त्यातच आता कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे साहाय्यक आले असून त्यांना आपल्या भाषेत साध्या वाक्यात सांगितले की ते स्वतःच अशा हाका देतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल या संकेतामुळे असे साहाय्यक दुकान, नोंदवही, टपाल अशा नाना साधनांना जोडणे सोपे झाले.

आता थळच्या एखाद्या गटाने जुलै महिन्यात अशा साहाय्यकाला ‘सोड्यांचा माल काढा’ असे सांगितल्याची कल्पना करावी. मराठीत माल बाजारात काढतात, म्हणजे विक्रीस आणतात. आणि माल यादीतूनही काढतात, म्हणजे वगळतात. शेजारी बसलेल्या माणसाला महिना कोणता हे ठाऊक असल्याने अर्थ कळतो. यंत्राने त्यातून काय घ्यावे याचा भरवसा नाही. वगळण्याचाच अर्थ घेतला, तरी तीन पायऱ्यांपैकी कोणती, हे वाक्यात कोठेच नाही.

नावावरून शोध घेण्यात याहून बारीक अडचण आहे. ‘कांदा’ या शब्दाच्या सर्व नोंदी वगळाव्यात असे ठरविले, तर ‘कांदा-लसूण मसाला’ जाईल, जो बारमाही माल आहे; आणि ‘पांढऱ्या कांद्याची माळ’ राहील, कारण सामान्यरूपात ‘कांदा’चा ‘कांद्या’ झालेला असतो आणि अक्षरास अक्षर जुळविणाऱ्या यंत्राच्या लेखी तो निराळा शब्द होय. म्हणजे जे हवे ते गेले आणि जे नको ते राहिले. ‘पांढऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक प्रकारे टंकता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला भिन्न. मराठी नावांच्या दुकानात नावावरून नोंद पुसणे म्हणूनच वर्ज्य मानावे. नोंदीचा क्रमांक हीच तिची खरी ओळख.

मोजणीचाही एक फसवा प्रकार आहे. आज्ञावली यादी पानापानाने मागविते. ३० नोंदी वगळावयाच्या आहेत आणि एका पानावर १० येतात असे धरू. पहिले पान मागवून त्यावरील १० नोंदी लगेच पुसल्या. आता यादी २० ची झाली आणि पूर्वीची ११ ते २० या क्रमाची नोंद पहिल्या पानावर सरकली. आज्ञावलीने दुसरे पान मागितले, तर तिला मूळच्या २१ ते ३० मिळतात, त्या पुसल्या. तिसरे पान रिकामे. काम पूर्ण झाल्याचा निरोप येतो आणि मधल्या १० नोंदी दुकानात तशाच राहतात. यावर उपाय एकच: आधी संपूर्ण यादी क्रमांकांसह उतरवून घ्यावी आणि मग त्या कागदावरून काम करावे. शोधाची अट चुकून कोरी राहिल्यास काही आज्ञावल्या ‘सर्व’ असा अर्थ घेतात. हा प्रकार सर्वांत घातक. कोरी अट आल्यास काहीही न करता थांबावे, अशी सक्ती आज्ञावलीतच असली पाहिजे.

मोठ्यांच्या घरच्या दोन घटना

अशा चुका केवळ नवशिक्यांच्या होतात असे नाही. गिटलॅब ही सॉफ्टवेअर निर्मात्यांना माहितीसाठ्याची सेवा देणारी जागतिक कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री तेथील एका अभियंत्याने दुय्यम संगणकावरील साठा साफ करण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात ती मुख्य संगणकावर गेली. आज्ञा थांबवीपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. खरी शोभा पुढे झाली. राखीव प्रत घेण्याच्या नित्याच्या व्यवस्था पाहू गेल्यावर त्या चालू स्थितीत नसल्याचे आढळले. त्या अयशस्वी होत असल्याचे इशारेदेखील कोणापर्यंत पोचत नव्हते. त्याच संध्याकाळी दुसऱ्या कामासाठी योगायोगाने घेतलेली सुमारे सहा तासांपूर्वीची प्रत हाती लागली म्हणून सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या सहा तासांतील माहिती गेली ती गेलीच. कंपनीने हा सारा वृत्तांत स्वतः प्रसिद्ध केला, ही गोष्ट तिच्या लौकिकास साजेशी होय.

दुसरी घटना जुलै २०२५ मधील. रेप्लिट या मंचावरील कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाने, कोणताही बदल करू नये अशी स्पष्ट सूचना असताना, एका उद्योजकाचा चालू माहितीसाठा पुसला. इतकेच नव्हे, तर साठा परत आणता येणार नाही असेही त्याने सांगितले. तो परत आणता आला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि चाचणीचा साठा चालू साठ्यापासून वेगळा ठेवण्याची व्यवस्था केली. तोंडी ताकीद म्हणजे कुलूप नव्हे, हे या प्रकरणात दिसून आले. वर उल्लेखिलेल्या संकेताच्या २०२५ मधील आवृत्तीत एखादे साधन नाशकारक आहे किंवा नाही हे सुचविणारी खूण जोडण्याची सोय करण्यात आली. ती खूण सूचनेपुरतीच आहे, असे त्या संकेतातच म्हटले आहे.

किल्ली कोणाच्या हाती

आज्ञावलीला दुकानात शिरण्यासाठी अंकाक्षरांची एक किल्ली द्यावी लागते. वूकॉमर्समध्ये तिचे तीन प्रकार आहेत: केवळ वाचण्याची, केवळ लिहिण्याची आणि दोन्हींची. ‘लिहिण्याची’ परवानगी म्हणजे नवा माल चढविण्याची, असा सर्वसाधारण समज होतो. वस्तुतः त्याच परवानगीत पुसण्याचाही अधिकार आला. माल चढविण्याच्या कामासाठी एखाद्या होतकरू तरुणाला किंवा बाहेरच्या संस्थेला दिलेली किल्ली ही पुसण्याचीही किल्ली असते, हे गटाच्या पदाधिकाऱ्यांना बहुधा कोणी सांगत नाही. काम संपले की किल्ली रद्द करावी. कपाटाची किल्ली आपण परत मागून घेतो, तिची मात्र आठवण राहत नाही.

या बाबतीत स्पष्टपणे म्हणावयास हवे की, ५०-६० नोंदींच्या लहान दुकानाने कायमच्या नाशाचा अधिकार यंत्राला देऊच नये. यंत्राने शोधावे, यादी करावी, नोंद झाकण्याचा प्रस्ताव ठेवावा. तिसऱ्या पायरीचे काम वर्षातून एकदा, गटाच्या सचिवाने, दिवसाउजेडी, स्वतःच्या हाताने करावे. यात तासाभराचा वेळ जाईल, आणि तो जाऊ द्यावा. हजारो नोंदींच्या जिल्हास्तरीय किंवा राज्यस्तरीय दालनाला ही चैन परवडणार नाही. तेथे यंत्राला पर्याय नाही आणि म्हणूनच तेथील बंधने अधिक कडक हवीत.

रंगीत तालीम

नाटकाची रंगीत तालीम सर्व वेशभूषेसह होते, फक्त समोर प्रेक्षक नसतो. चांगल्या आज्ञावलीत अशी तालीम घेण्याची सोय असते. ती सर्व शोध घेते, कोणत्या नोंदी वगळल्या जातील त्यांचे क्रमांक, नाव, शिल्लक साठा आणि अपूर्ण मागण्या यांसह यादी देते, पण प्रत्यक्षात कशालाही हात लावत नाही. ही यादी छापून घ्यावी व गटाच्या बैठकीत वाचून दाखवावी. संगणकावर बसलेल्या मुलाच्या नजरेतून जे सुटते ते माल तयार करणाऱ्या बाईच्या कानाला खटकते. ‘अर्धा किलो जवळा’ ही नोंद साठा शून्य म्हणून यादीत आली असेल. पण दोन पुड्या एखाद्या सभासदाच्या घरी बांधून ठेवल्या असून त्यांचे पैसेही आले आहेत, हे तिलाच ठाऊक असते. ज्या मालाची मागणी आली आहे आणि पाठवणी व्हावयाची आहे, त्या नोंदीला हात लावू नये.

मंजुरी संख्येसह द्यावी. ‘होय’ एवढ्या शब्दावर चालणारी आज्ञावली धोक्याची. ‘१४ नोंदी’ असे टंकल्यावरच पुढे सरकणारी बरी. मंजुरीनंतर आणि कामापूर्वी यादीत फरक पडला, १४ च्या १५ झाल्या, तर आज्ञावलीने थांबून पुन्हा विचारावे. आरंभी एकच नोंद वगळून दुकान ग्राहकाच्या नजरेने उघडून पाहावे आणि मग बाकीच्या घ्याव्यात.

तालमीपूर्वी संपूर्ण मालयादीची राखीव प्रत काढणे आवश्यकच आहे. बहुतेक प्रणालींत ती तक्त्याच्या स्वरूपात उतरविता येते. मात्र अशा तक्त्यात छायाचित्रे नसून त्यांचे केवळ पत्ते असतात आणि ग्राहकांचे अभिप्रायही सहसा नसतात, हे ध्यानात ठेवावे. छायाचित्रे वेगळी जपावीत. प्रत घेतली एवढ्यावर समाधान मानू नये. ती वर्षातून एकदा तरी चाचणीच्या दुकानात भरून पाहावी. गिटलॅबमध्ये नेमकी हीच पाहणी राहून गेली होती.

मध्येच वीज गेली किंवा मोबाइलचा संपर्क तुटला, तर काय झाले आणि काय राहिले हे कळले पाहिजे. किनाऱ्यावरील पावसाळ्यात ही शक्यता नेहमीचीच. यासाठी आज्ञावलीने प्रत्येक नोंदीपुढे झाले, राहिले किंवा फसले असा शेरा लगोलग लिहीत जावे. पुन्हा सुरू केल्यावर आधीच वगळलेली नोंद सापडली नाही, तर ती चूक न मानता पुढे जावे. सगळी यादी आरंभापासून पुन्हा चालविण्याचा मोह टाळावा.

हे शेरे संगणकात राहतात, आणि संगणक बदलतो, चालविणारी मुले शिक्षणासाठी अलिबागला किंवा मुंबईला जातात. गटाचे इतिवृत्त मात्र गावात राहते. तेव्हा त्यातच दोन ओळींची नोंद घ्यावी: बैठकीची तारीख, वगळलेल्या नोंदींचे क्रमांक व नावे, कारण, कोणती पायरी, मंजुरी देणाऱ्या दोन सभासदांच्या सह्या, आणि राखीव प्रत कोणाकडे आहे. पावसाळा सरून नवे सोडे उन्हात पडले की हेच पान उघडावयाचे, क्रमांक पाहावयाचा आणि झाकलेली नोंद जुन्या अभिप्रायांसह पुन्हा दुकानात मांडावयाची.